ओटीपीचं वाय-फाय आणि पासवर्डचं वाय-फाय

स्टेशनवर, विमानतळावर, मॉलमध्ये मोबाइल नंबर टाकला, ओटीपी भरला की नेट सुरू होतं. मग हमखास कुणीतरी म्हणतं, "ओटीपी मागतायत, म्हणजे सेफ आहे." हे ऐकून ऐकून कान किटले.

घरच्या वाय-फायच्या पासवर्डाबद्दल जास्त सांगायला नको. फोन राउटरला जोडतानाच तो लागतो आणि त्यातूनच हवेतला डेटा एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही असा करणारी, किल्ली तयार होते.

ओटीपीचं पान मात्र जोडणीनंतर येतं. पान दिसलं याचा अर्थ फोन नेटवर्कवर केव्हाच गेलाय, आणि बहुतेक ठिकाणी ते नेटवर्क पूर्ण उघडं, म्हणजे एन्क्रिप्शनशिवायचं, असतं. ओटीपी भरल्यावरही ते उघडंच राहतं. फरक एवढाच, की या फोनला इंटरनेटवर सोडायचं अशी नोंद होते. ही नोंद सहसा फोनच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्कवर फोन ओळखायचा क्रमांक) होते आणि मॅक पत्ता हवेत कुणालाही वाचता येतो. शेजारी बसलेल्याने तोच पत्ता आपल्या लॅपटॉपला लावला, तर तो तुमच्या नंबरावर नेट वापरतो. एचटीटीपीएसमुळे (फोन आणि साइट यांच्यातलं एन्क्रिप्शन) तुमचा बँकेचा पासवर्ड त्याला वाचता येत नाही, हे खरं. पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे बहुधा कळतं. शिवाय त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभारलं, तर आपोआप जोडणारा फोन बिनदिक्कत त्यावर जातो. म्हणून काम झालं की 'फर्गेट नेटवर्क' कराच.

खात्री करायची तर नेटवर्कच्या तपशिलात 'सिक्युरिटी' बघा. तिथे 'नन' (None), म्हणजे काहीच नाही, असं असेल, तर ओटीपी दहा वेळा भरून उपयोग नाही.

भिंतीवर पासवर्ड चिकटवलेलं डब्ल्यूपीए२ (वाय-फाय एन्क्रिप्ट करण्याची एक पद्धत) त्यापेक्षा बरं, पण थोडंच. पासवर्ड ठाऊक असलेल्याने तुमचा फोन जोडला जातानाचे चार संदेश पकडले, की तुमची किल्ली त्याला काढता येते. २०१८ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीत, डब्ल्यूपीए३मध्ये, नुसतं ऐकून हे जमत नाही.

पाहुण्यांसाठी वाय-फाय लावणाऱ्यांनी डब्ल्यूपीए३ घ्यावं. पासवर्ड नकोच असेल, तर 'एनहान्स्ड ओपन' निवडावं: त्यात पासवर्डाशिवायही प्रत्येक फोनला वेगळी किल्ली मिळते. ओटीपीचं पान हवंच असेल, तर ते त्यानंतर खुशाल लावा. आणि 'क्लायंट आयसोलेशन' चालू करायला विसरू नका, नाहीतर एका पाहुण्याचा लॅपटॉप दुसऱ्याच्या फोनपर्यंत थेट पोचतो.