केजला धडाडणारी मशीन केलाँगला का धापते

माझा भाचा हिमाचलात, लाहौलमधल्या केलाँगला एका हॉटेलात कामाला आहे. मागच्या डिसेंबरात गावी आला तर सोबत चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची करवत, घेऊन आला, ऑनलाइन मागवलेली, डब्यावर ५८ सीसी लिहिलेलं आणि २२ इंची लांबच लांब बार, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी. आमच्या बीड जिल्ह्यातल्या केजच्या शेतात बांधावर वाळलेली बाभूळ आडवी पडली होती, म्हणला मामा एका दिवसात तुकडे करून देतो. वीसेक मिनिटं मशीन अशी पळाली की बघत राहावं, मग आवाज बारीक झाला, चिरका झाला, आणि एकदम गप्प. दोरी ओढली तर हलेना. खोलून बघितलं तर पिस्टनवर उभ्या रेघाच रेघा, ॲल्युमिनियम वितळून सिलेंडरला चिकटलेलं. आमच्याकडं याला पिस्टन धरला म्हणतात.

आता त्याला नवी घ्यायचीय आणि फोनवर रोज एकच प्रश्न, "मामा, किती सीसीची घेऊ?" मी इतकी वर्षं फवारणी पंप आणि जुन्या लुना खोलत आलोय, टू-स्ट्रोक इंजिन माझ्या हाताखालचं, तरी त्याला लगेच आकडा सांगता आला नाही. कारण लाकूड किती जाड आहे हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न तिथं हवा किती आहे हा आहे.

केलाँग समुद्रसपाटीपासून जवळपास ३,१०० मीटरवर. आपलं बालाघाटाचं पठार ५००-६५० मीटर, मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात ते म्हैसमाळ सुद्धा १,०६७ मीटरच, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६. म्हणजे आख्ख्या महाराष्ट्रात केलाँगच्या हवेचा अंदाज येईल अशी जागाच नाही. समुद्रकाठी हवेचा दाब १,०१३ हेक्टोपास्कल धरला तर केलाँगला तो ६९५ च्या आसपास भरतो. लोक म्हणतात वर ऑक्सिजन कमी होतो, तर प्रमाण कमी होत नाही, ते इथंही २१ टक्के आणि तिथंही २१ टक्केच. हवाच विरळ होते. इंजिनाचा सिलेंडर म्हणजे ठरलेल्या मापाचा डबा, दर फेऱ्याला तो एक डबा हवा ओढतो, पण वर त्या डब्यात हवेचं वजन कमी भरतं, आणि वजन कमी म्हणजे जाळायला ऑक्सिजन कमी, म्हणजे ताकद कमी.

किती कमी, तर हिशोब करून बघू. समुद्रकाठी १५ डिग्रीला एक घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो. केलाँगला ऑक्टोबरात ५ डिग्री असताना तीच हवा साधारण ०.८७ किलो, म्हणजे २९ टक्के कमी. आता गंमत बघा, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी ४२ डिग्री असताना केजची हवा १.०५ किलो भरते, आणि जानेवारीत पहाटे १० डिग्रीला तीच १.१७. उन्हाळ्यात दुपारी फवारणी पंप सुस्त वाटतो ते निव्वळ तापल्यामुळं नाही, उष्णतेनं हवा फुगून पातळ झालेली असते म्हणूनही. केलाँगला उंचीनं जे होतं त्यातलं थोडंसं आपण दरवर्षी उन्हातच भोगतो.

मग ५० सीसीची चांगली मशीन घ्या, स्टिलची एमएस २७१ आहे, ५०.२ सीसी आणि कागदावर २.६ किलोवॅट. केलाँगला हवाच २९ टक्के कमी, तर हातात उरणार १.८५ च्या जवळपास. याच कंपनीची ४५ सीसीची एमएस २५० खाली कागदावर २.३ किलोवॅट देते. म्हणजे मोठी मशीन वर जाऊन छोटीच्याही मागं पडते, हवेच्या हिशोबानं ती ३५-३६ सीसीची होऊन बसते. उलटा हिशोब केला तर खाली ५० सीसी जे काम करते तेच काम वर करायला ७० सीसी लागेल.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणला मग ७० चीच घेतो. थांब म्हणलं. ७० सीसीची मशीन बार-चेन सोडून सहा-साडेसहा किलोची, आणि ती धरणारा माणूस पण त्याच हवेवर चालतो ना. फुप्फुसात येणारा ऑक्सिजनचा दाब पण तिसऱ्या हिश्श्यानं कमीच, दहा मिनिटं वाकून ओंडके कापले की छाती भरून येते, आणि दमलेल्या हातातली चेनसॉ ही लई वाईट गोष्ट. बारच्या टोकाचा वरचा भाग चालू चेननिशी लाकडाला टेकला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटी तोंडाकडं उसळते, चेन ब्रेक असतो पण हात घट्ट नसतील तर त्याच्या भरवशावर राहू नये.

आणि एक गोष्ट लाहौलच्या माणसाच्या बाजूची आहे. तिकडं सरपण म्हणजे जास्त करून विलो आणि पॉपलर, लोखंडी शेगडीत जाळतात, तिला तिकडं तंदूर म्हणतात. ही लाकडं मऊ, आपल्या बाभळीच्या निम्म्या वजनाच्या आसपास. ओंडके आठ ते बारा इंची. झाड पाडायचं नाही, आणलेल्या ओंडक्यांचे तुकडे करायचे एवढंच काम. पाणी धरलेलं लाकूड थंडीत गोठलं की कडक होतं हे खरं, पण तरी बाभळीची बरोबरी नाही. म्हणून माझं मत ५० ते ६० सीसी, शक्यतो ५५ च्या पुढं, आणि बार १६ इंची, जास्तीत जास्त १८. बारा इंची ओंडका कापायला २२ इंचीचा बार कशाला? जास्तीचा बार निव्वळ घर्षण वाढवतो, ऑइल खातो, वजन पुढं ओढतो, आणि विरळ हवेत तेवढीही ताकद फुकट घालवण्यासारखी नसते.

आता पिस्टन का धरला ते. सगळं प्रकरण कार्बोरेटरचं आहे आणि दुकानदार हे कधी सांगत नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथं दाब पडतो, त्या ओढीनं पेट्रोल वर येतं. हवा विरळ झाली की ओढ कमी होते, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, ते वर्गमुळाच्या हिशोबानं कमी होतं. म्हणजे हवा २९ टक्के घटली तर पेट्रोल १६ टक्केच घटतं. समुद्रकाठी बरोबर बसवलेली मशीन केलाँगला हवेच्या मानानं जवळपास १९ टक्के जास्त पेट्रोल पिते, ताकद आधीच कमी आणि वरून हे. मिक्श्चर रिच होतं, प्लग काळा पडतो. भाच्याचा पहिला फोन आला तेव्हा तो म्हणत होता, "मामा, मशीन नुसता धूरच काढायली, रेस उचलायलीच नाही." तिथल्या कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन हाय-स्पीडचा एच स्क्रू आवळून दिला, म्हणजे पेट्रोल कमी केलं, आणि मशीन सुरेख पळायला लागली. त्यानं बरोबरच केलं होतं.

चूक पुढं झाली. तीच मशीन तशीच्या तशी ट्रेनमधून केजला आली. इथं डिसेंबरच्या दुपारी हवा १.१ किलो, केलाँगच्या सव्वापट. स्क्रू मात्र वरच्या हवेचा. म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जवळपास ११ टक्के कमी, आणि टू-स्ट्रोकमधी ऑइल पेट्रोलातूनच येतं, एका लिटरला २० मिली, म्हणून वंगणही तेवढंच कमी. कमी पेट्रोलात गरमी वाढते, कमी ऑइलात घासणं वाढतं, त्यात वाळलेली बाभूळ आणि फुल थ्रॉटल. सुरुवातीला मशीन पहिल्यापेक्षा भारी पळते, चिरका आवाज काढते, माणूस खूश होतो, आणि तोच धोक्याचा आवाज असतो. बरोबर बसवलेली टू-स्ट्रोक चेनसॉ लाकडात नसताना फुल रेसला थोडी भरडल्यासारखी बोलते आणि लाकडात घातली की आवाज स्वच्छ होतो. मोकळी असताना पण एकदम स्वच्छ चिरकत असेल तर लगेच बंद करा. वरून खाली येताना एच स्क्रू आधी मोकळा करायचा, मग दोरी ओढायची.

यावर उपाय निघालेत. हुस्क्वार्नाच्या ऑटोट्यून आणि स्टिलच्या एम-ट्रॉनिक मशिनी स्वतःच पेट्रोल कमी-जास्त करतात, उंची बदलली तरी हात लावायची गरज नाही. महाग असतात, आणि गेलेली ताकद त्या परत आणत नाहीत कारण हवा कुठून आणणार, पण भाच्यासारख्या वर-खाली करणाऱ्या माणसानं पैसे खर्चावेत तर इथंच. साधी घेतलीत तर स्क्रू फिरवता येतो का ते आधी बघा, बऱ्याच मशिनींवर आता प्लास्टिकच्या टोप्या असतात आणि स्क्रू थोडाच फिरतो, तेवढ्यात ३,००० मीटरचं काम भागत नाही. बॅटरीची चेनसॉ हवा मागतच नाही, उंचीनं तिची ताकद जात नाही, पण थंडीत बॅटरी लवकर मान टाकते आणि शून्याखाली चार्ज केली तर खराब होते, बर्फात लाइटचा भरवसा नाही तिथं ती दुसरी मशीन म्हणून ठीक.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच चेनसॉच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल ओल धरतं, पाणी खाली बसतं. लागेल तेवढंच मिक्स करा, महिनाभर कॅनमधी ठेवू नका. आणि बारला जळालेलं ऑइल घालायची आपल्याकडची सवय सोडा, त्यातल्या लोखंडाच्या कणांनी चेन आणि बार दोन्ही खाल्ले जातात.

सगळ्यात स्वस्तात ताकद मिळते ती धारेतून. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमधी जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका भुंगेऱ्याची अळी ओंडका पोखरताना बघत बसला. आपल्या आंब्याच्या खोडात शिरते ना तशीच. ती जबड्यानं डावी-उजवीकडं करत उभं-आडवं कसंही लाकूड खात होती, आणि त्याच्या करवतीची चेन मात्र सारखी बोथट व्हायची. त्या जबड्यावरून त्यानं एकाआड एक डाव्या-उजव्या वळणाचे दात असलेली चेन बनवली, आजच्या चेनसॉची चेन त्याच घराण्यातली. .३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, पेट्रोलच्या दर टाकीला दोन-तीन हात फिरवायचे, सगळ्या दातांना सारखेच. खाली पडणारा भुसा ढलप्यांसारखा जाड असेल तर धार आहे, पिठासारखा पडला तर कानस घ्या. बोथट चेनला माणूस वरून दाबतो, मशीन दबते, आणि केलाँगला दबायला ताकद शिल्लकच नसते.

अटल बोगदा २०२० ला सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही मनालीकडून वाहनं येतात, हॉटेलं थंडीतही चालतात आणि सरपण दिवसभर लागतं. भाचा शेडमधी दार लावून कापत होता, वारा लागतो म्हणून. ते बंद करायला लावलं. रिच मिक्श्चरमधून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो, तो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि तिथं मुळात ऑक्सिजन कमी.

शेवटी त्यानं साधीच घेतली, ५५ सीसी आणि १६ इंची बार, स्क्रू पूर्ण फिरतो अशी. मी इथं केजला ती बसवून दिली आणि स्क्रूच्या शेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, तो गावाचा. परवा त्यानं फोटो पाठवला, लाल ठिपक्याशेजारी आता एक पांढरा ठिपका आहे.