एक गोल झाला की शिक्षा संपली: आइस हॉकीतल्या पॉवर प्लेची पार्श्वभूमी

आइस हॉकीत खेळाडूला शिक्षा झाली की तो ठरावीक वेळ बाहेर बसतो आणि तेवढा वेळ समोरचा संघ जास्त माणसांनिशी, बहुधा पाच विरुद्ध चार असा खेळतो. हाच पॉवर प्ले. नॅशनल हॉकी लीगच्या २०२२-२३च्या हंगामात कॅनडातल्या एडमंटन संघाने २७५ पॉवर प्लेंमध्ये ८९ गोल केले, म्हणजे ३२.४ टक्के. लीगने ही टक्केवारी रीतसर ठेवायला सुरुवात केली ती १९७७-७८मध्ये, आणि त्याच पहिल्या हंगामात मॉन्ट्रियलने नोंदवलेला ३१.९ टक्क्यांचा विक्रम पंचेचाळीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता. त्यामुळे आता यशस्वी पॉवर प्लेचा विषय निघाला की गाडी एडमंटनला जाते आणि तिथेच थांबते. जगातला सर्वांत वेगवान स्केटर कॉनर मॅकडेव्हिड आणि त्याच्या जोडीला जर्मन नेमबाज लिऑन ड्रायसायटल असल्यावर गोल होणारच, असं म्हणून लोक मोकळे होतात.

हे खरं आहे, पण अर्धंच. एडमंटनचे पाच जण ज्या रचनेत उभे राहतात तिचा सांगाडा १९५०च्या दशकात तयार होता. आणि त्या पाचांना दोन मिनिटांत नेमकं काय करायची मुभा आहे, हे ठरवणारा नियमही त्याच दशकातला आहे. पॉवर प्लेचा इतिहास खेळाडूंइतकाच नियमपुस्तकाने लिहिला आहे, आणि माझ्या मते नियमपुस्तकाने जरा जास्तच.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९२९-३०पर्यंत समोरच्या क्षेत्रात पुढे पास देण्यावरच बंधनं होती. एक माणूस जास्त असला तरी पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्यापर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न असे. ती बंधनं सैल झाली तेव्हा संख्याबळाला अर्थ आला. १९३७-३८मध्ये आइसिंगचा नियम आला. पक आपल्या भागातून थेट पलीकडच्या टोकाला भिरकावून वेळ काढणं त्याने बंद झालं, पण एक माणूस कमी असलेल्या संघाला सूट मिळाली. शिक्षा भोगणाऱ्यालाच सवलत द्यायची हा विचित्र न्याय आहे आणि तो व्यावसायिक हॉकीत आजही चालू आहे. अमेरिकेत चौदा वर्षांखालच्या मुलांच्या हॉकीतून मात्र २०१७मध्ये ही सूट काढून टाकली. दबावाखाली पक नुसता भिरकावण्याऐवजी मुलांनी तो खेळवायला शिकावं, हा त्यामागचा विचार.

आता मुख्य गोष्ट. ५ नोव्हेंबर १९५५, मॉन्ट्रियल. बॉस्टन २-० असं पुढे होतं आणि त्यांचे दोन खेळाडू एकाच वेळी बाहेर बसले होते. मॉन्ट्रियलच्या उंच, शांत सेंटरने, म्हणजे मधल्या आक्रमकाने, ४४ सेकंदांत तीन गोल केले, तिन्ही त्याच पॉवर प्लेवर. त्या काळच्या नियमानुसार कितीही गोल झाले तरी शिक्षा झालेल्या खेळाडूला पूर्ण दोन मिनिटं बसावं लागे. मॉन्ट्रियलने सामना ४-२ असा जिंकला आणि चारही गोल त्या एकाच माणसाचे होते.

हा अपवाद असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण हे त्या संघाचं नेहमीचं काम होतं. ब्लू लाइनवर, म्हणजे आक्रमण क्षेत्राच्या सीमारेषेवर, त्या पिढीतला सर्वोत्तम बचावपटू उभा असे. घाई नसलेला, पक हवा तितका वेळ स्वतःजवळ ठेवणारा. त्याच्या शेजारी मात्र दुसरा बचावपटू नव्हता, एक आक्रमक होता, ज्याच्या स्लॅप शॉटचीच, म्हणजे काठी मागे उगारून मारलेल्या सणसणीत फटक्याचीच, सगळ्या लीगमध्ये धास्ती होती. पुढे गोलसमोर लीगचा सर्वांत भेदक गोल करणारा. म्हणजे चार आक्रमक आणि एक बचावपटू. आज समालोचक ‘आधुनिक पॉवर प्ले’ म्हणून हीच मांडणी कौतुकाने समजावून सांगतात तेव्हा गंमत वाटते.

१९५६च्या उन्हाळ्यात सहा संघांच्या लीगने नियम बदलला. किरकोळ शिक्षेच्या दोन मिनिटांत प्रतिस्पर्ध्याने गोल केला की बाहेर बसलेला खेळाडू लगेच परत येईल. मॉन्ट्रियलने एकट्याने विरोध केला. त्यांच्या व्यवस्थापकाची तक्रार अशी होती की डेट्रॉइटचा संघ जोरात होता, त्यांचा पॉवर प्ले सगळ्यांना झोडपत होता, तेव्हा आम्ही त्यांच्याविरुद्ध नियम आणला नाही. आता आमची पाळी आली तर नियमच बदलता, त्यापेक्षा स्वतःचा पॉवर प्ले तयार करा.

या तक्रारीत तथ्य आहे असं मला आजही वाटतं. पण दुसरी बाजूही इतकी पोकळ नाही. कुणाची काठी अडकली आणि समोरचा पडला, एवढ्या चुकीपायी तीन गोल खावे लागणं हे गुन्ह्याच्या मानाने जास्तच. सहाच संघ, तेच ते सामने पुन्हा पुन्हा, आणि त्यातला एक संघ दोन मिनिटांत सामना संपवतोय, हे तिकीट विकणाऱ्या बाकीच्या पाचांना परवडणारं नव्हतं, हे व्यवहारी सत्यही विसरून चालणार नाही. खटकतं ते वेगळंच. पाच मिनिटांची मोठी शिक्षा आजही पूर्ण भोगावी लागते, कितीही गोल झाले तरी. म्हणजे एकाच पुस्तकात दोन तत्त्वं शेजारी शेजारी नांदतात. मोठ्या गुन्ह्यात शिक्षा ठरावीक वेळेची असते. किरकोळ गुन्ह्यात ती ‘एक गोल किंवा दोन मिनिटं, जे आधी होईल ते’ अशी असते. दुहेरी किरकोळ शिक्षा झाली तर गोल झाल्यावर चालू असलेली दोन मिनिटंच रद्द होतात, पुढची दोन उरतात. पाच विरुद्ध तीन असताना गोल झाला तर ज्याची शिक्षा आधी सुरू झाली तो सुटतो. या तडजोडीचे असे फाटे अजून नव्या प्रेक्षकाला गोंधळात टाकतात.

आणि परिणाम? ज्यांना आवरायला नियम केला त्यांना तो बाधलाच नाही. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं मॉन्ट्रियलने लीगचा स्टॅन्ली करंडक जिंकला, त्यातली चार नव्या नियमाखाली. बदललं ते पॉवर प्लेचं गणित. पूर्वी पहिला गोल ही सुरुवात होती, आता तोच शेवट झाला. किरकोळ शिक्षेतून जास्तीत जास्त एकच गोल मिळणार म्हटल्यावर ‘यश’ हा हो-नाहीचा प्रश्न बनला आणि त्यातूनच पुढे टक्केवारीला भाव आला. जुन्या नियमाखाली टक्केवारी काढली असती तर त्या एका पॉवर प्लेचा मॉन्ट्रियलचा आकडा शंभराच्या वर गेला असता.

तीस वर्षांनी हेच नाटक एडमंटनच्या वाट्याला आलं. १९८०च्या दशकातला त्यांचा संघ मोकळी जागा मिळाली की थांबत नसे. दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूला एकाच वेळी शिक्षा झाली की चार विरुद्ध चार खेळ होई आणि एडमंटनची चंगळ. १९८५मध्ये लीगने ठरवलं की अशा वेळी दोन्ही संघ बदली खेळाडू आणतील आणि पाच विरुद्ध पाचच खेळ चालेल. हा नियम १९९२-९३मध्ये मागे घेतला गेला. तोवर एडमंटनचा महान सेंटर लॉस एंजेलिसला जाऊन चार वर्षं झाली होती. १९५६चा नियम मात्र कुणी मागे घेतला नाही.

नियमांनी पॉवर प्लेला दिलंही बरंच. २००४-०५चा अख्खा हंगाम संघमालकांच्या टाळेबंदीत वाहून गेल्यावर लीग परतली ती पंचांना कडक सूचना देऊन: अडवणं, ओढणं, काठी अडकवणं खपवून घ्यायचं नाही. दोन्ही बाजूंना गोलरेषेपासून ब्लू लाइनपर्यंतची आक्रमण क्षेत्रं चार-चार फुटांनी वाढवली. त्यासाठी दोन ब्लू लाइनींमधला पट्टा ५४वरून ५० फुटांवर आणला आणि गोलरेषा दोन-दोन फूट मागे सरकवल्या. स्वतःच्या भागातून पक काचेवरून थेट बाहेर गेला तर तीही शिक्षा. २००५-०६मध्ये एका संघाला एका सामन्यात सरासरी जवळपास सहा पॉवर प्ले मिळाले. मग खेळाडू सावध झाले, पंच मवाळ झाले आणि दहा-बारा वर्षांत हा आकडा साधारण तीनवर आला. संधी निम्म्या झाल्या आणि प्रत्येक संधीची किंमत वाढली. पॉवर प्लेसाठी स्वतंत्र प्रशिक्षक, व्हिडिओचे तासन्‌तास, ठरवून दिलेल्या जागा हे सगळं याच काळात नेहमीचं झालं. २००८-०९पासून शिक्षेनंतरचा फेसऑफ, म्हणजे दोघा खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, दोषी संघाच्या भागात होऊ लागला आणि २०१९-२०पासून तो डाव्या बाजूला घ्यायचा की उजव्या, हे पॉवर प्लेवाला संघ ठरवतो. क्षुल्लक वाटतं, पण फेसऑफ हरलात तर पक पलीकडच्या टोकाला जातो आणि तो परत आणून रचना उभी करण्यात १२० सेकंदांतले वीसेक सहज जातात.

रचनेबद्दल बोलायचं तर आज जवळपास सगळे १-३-१ खेळतात. ब्लू लाइनवर एक, गोलच्या डाव्या-उजव्या बाजूला बर्फावर आखलेल्या दोन्ही वर्तुळांत एकेक, मधोमध एक आणि गोलसमोर एक. मधला खेळाडू पकला क्वचितच हात लावतो, पण खरा खेळ त्याच्यामुळे होतो. बचाव करणारे चौघं चौकोनात उभे असतात. मधल्याला मोकळं सोडलं तर तो दहा-पंधरा फुटांवरून मारणार, म्हणून चौकोन आत आकसतो, आणि आकसला की वर्तुळातला नेमबाज मोकळा होतो.

हा नेमबाज ‘उलट्या’ बाजूला उभा हवा. उजव्या हाताने मारणारा डाव्या वर्तुळात, डावखुरा उजव्या. पास आला की न थांबवता तसाच मारता येतो आणि गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकायला वेळ मिळत नाही. वॉशिंग्टनच्या रशियन कप्तानाने डाव्या वर्तुळातली ही जागा जवळपास आपल्या नावावर करून घेतली. २०१२-१३च्या अर्ध्यामुर्ध्या हंगामात वॉशिंग्टनने १-३-१ बसवलं आणि २६.८ टक्के गाठले. सगळ्या लीगला ठाऊक होतं की पक कुठे जाणार आहे, तरी एक दशक कुणाला तो थांबवता आला नाही. कारण त्याच्यावर एक माणूस चिकटवला तर उरलेल्या चौघांसमोर तिघंच राहतात. एप्रिल २०२५मध्ये त्याने कारकिर्दीतला ८९५वा गोल करून सर्वकालीन विक्रम मोडला तोही पॉवर प्लेवर आणि त्याच बाजूने. एडमंटनच्या जर्मन खेळाडूची जागा याचंच प्रतिबिंब आहे, फक्त उजवीकडे आणि बरीच खाली, जिथून गोलाचा कोन जवळपास दिसतच नाही. २०२२-२३मध्ये त्याने तिथे आणि आसपास उभं राहून पॉवर प्लेवर ३२ गोल केले.

पण रचना उभी राहील तेव्हा ना. आत शिरणं हा पॉवर प्लेतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग आहे. बचाव करणारे ब्लू लाइनवर भिंत धरतात. म्हणून पक नेणारा मधल्या पट्ट्यात तो मागे सोडतो आणि मागून पूर्ण वेगात आलेला खेळाडू तो उचलून आत घुसतो. हा मागचा पास फसला की प्रेक्षक हुर्यो करतात. घुसणारा एडमंटनचा कप्तान मॅकडेव्हिड याच्यासारखा वेगवान असेल तर भिंतीला आधीच मागे सरकावं लागतं, इतकंच. नसेल, तर पक सरळ कोपऱ्यात टाकून तो लढून मिळवण्यात काही कमीपणा नाही. फटका अडल्यावर सुटलेला पक पुन्हा आपल्याकडे येणं ही त्याच जातीची मेहनत, आणि ती आकड्यांत दिसत नाही.

नावांवरच सगळं असतं तर फेब्रुवारी २०२३च्या अखेरीस एडमंटनचा पॉवर प्ले कोसळायला हवा होता. ब्लू लाइनवरचा त्यांचा अनुभवी, उजव्या हाताचा बचावपटू त्यांनी नॅशव्हिलला देऊन टाकला आणि त्या जागी एका तरुणाला उभं केलं. तोही उजव्याच हाताचा, फटका अधिक जड. विक्रम त्यानंतरच पूर्ण झाला. त्या वसंतातल्या करंडक स्पर्धेत त्यांनी ४६.२ टक्के गाठले, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या संधीला गोल, आणि तरीही दुसऱ्या फेरीत लास व्हेगसकडून हरले. २०१९मध्ये टँपाचंही तसंच झालं. ६२ विजय, २८.२ टक्क्यांचा पॉवर प्ले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चार सामन्यांत गारद.

टक्केवारीचा घोळ इथेही आहे. दुसऱ्याची शिक्षा मध्ये आल्यामुळे वीस सेकंदांचाच उरलेला पॉवर प्ले एक संधी धरला जातो आणि पाच विरुद्ध तीनची पूर्ण दोन मिनिटंही संधी म्हणूनच मोजली जातात. आपण पॉवर प्लेवर असताना खाल्लेला गोल तर या आकड्यात दिसतच नाही. चार आक्रमक ठेवल्यावर मागे एकच बचावपटू राहतो, म्हणजे तो धोका वाढलेला असतो. म्हणून काही विश्लेषक खाल्लेले गोल वजा करून निव्वळ टक्केवारी काढतात.

हा धोका आता एका ठिकाणी नियमातच आला आहे. उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या नव्या व्यावसायिक लीगने जानेवारी २०२४मधल्या पहिल्याच हंगामात एक कलम आणलं. एक खेळाडू कमी असलेल्या संघाने गोल केला की बाहेर बसलेली खेळाडू तत्क्षणी सुटते आणि पॉवर प्ले संपतो. १९५६चा नियम उलटा फिरवल्यासारखं हे कलम आहे. त्यामुळे बचाव करणाऱ्या चौघी पक नुसता भिरकावून न देता संधी दिसताच पुढे धावतात. पुढच्याच हंगामात त्याच लीगने आणखी एक कलम जोडलं. शिक्षा झालेल्या संघाला फेसऑफआधी बर्फावरच्या खेळाडू बदलता येणार नाहीत, म्हणजे दमलेल्या चौघींनाच बचाव सुरू करावा लागतो. एक कलम बचावाला बळ देतं, दुसरं पॉवर प्लेला, आणि चार आक्रमक खेळवायच्या की तीन याचा हिशेब तिथल्या प्रशिक्षकांना नव्याने मांडावा लागतो आहे.