आत्मरक्षणार्थ बंदूक रोखणे (बेळगाव सीमाभाग)

जिवावर उठलेल्या माणसाला थोपवण्यासाठी त्याच्यावर बंदूक रोखणे किंवा झाडणे हा खाजगी बचावाच्या हक्काचा भाग आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्याला त्याबाबत देशभराचाच कायदा लागू होतो : १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६, नंतरच्यांना भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४.

गोळी सुटली नाही म्हणजे गुन्हा झाला नाही, ही समजूत चुकीची आहे. कारण नसताना नळी समोर धरली तर तो हल्ला (न्याय संहितेचे कलम १३०) किंवा धाकदपटशा (कलम ३५१) ठरू शकतो. मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर मात्र समर्थन मिळते. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे यांतही हा हक्क प्रसंगी जीव घेण्यापर्यंत पोचतो. भीती उभी राहिली की हक्क सुरू, ती सरली की संपला. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी त्यात सहसा बसत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संकटात सापडलेल्याने भ्याडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नसल्याचे म्हटले. प्रतिकार तोळ्यामाशाने तोलायचा नसतो. पण तो गरजेच्या फार पलीकडे गेलेलाही चालत नाही.

सीमाभागात खरी गफलत होते ती बांधावर. भाऊबंदांपैकी कुणी बांध कोरला, नांगराची दोन तासे आत घातली, तर राग रास्त असेल. बंदूक रास्त नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तिथे हा हक्कच उरत नाही.

खानापूरच्या जंगलकडेला, भीमगड अभयारण्याच्या आसपास, रानडुकरे आणि गवे भातात उतरतात. राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार मिळतो. दारू, छर्रे भरून गजाने ठासायचे. एक बार झाला की सगळे पुन्हा. अंगावर आलेले जनावर सद्भावनेने मारले तर वन्यजीव अधिनियम, १९७२ चे कलम ११ संरक्षण देते, मात्र शिकारीला गेलेल्याला नाही. कोडगूत (कूर्ग) कोडवा समाजाला असलेली परवान्याची सूट इथे लागू नाही.

परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते कर्नाटकापुरतेच असेल तर बंदूक शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यात, नेणे हाच वेगळा गुन्हा. मग ती रोखण्याचे कारण कितीही खरे असो.