खोली, डबा आणि पदवी : मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची पार्श्वभूमी

निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर आधी भाषा बदलावी लागे आणि मग गाव. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. इंग्रजी बाजूला ठेवून देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग त्या काळी धाडसाचाच होता. परंतु ज्यांच्या घरात मराठी बोलली जात होती, त्यांना ही देशी भाषाही परकीच वाटे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९२३ साली इंटरमिजिएटपर्यंतचे सरकारी महाविद्यालय निघाले खरे, पण त्यापुढे पदवीसाठी हैदराबाद गाठणे भाग होते. शेतसारा भरून ज्यांच्या हाती चार पैसे उरत किंवा ज्यांचे कोणी नातेवाईक शहरात होते, त्यांनाच हे जमे. हुशारीचा प्रश्न त्यानंतरचा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांत, १९५० साली, दोन महाविद्यालये उभी राहिली. नांदेडच्या पीपल्स कॉलेजमागे स्वामी रामानंद तीर्थ होते. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढले. बाबासाहेब स्वतः बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकले होते, त्यामुळे गरीब विद्यार्थ्याचे घोडे नेमके कुठे अडते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. मिलिंदच्या परिसरात वर्गांबरोबरच वसतिगृहे आली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात खोली कोण देणार, आणि त्याची जात कळल्यावर देणार का, हा त्या काळचा खरा प्रवेशप्रश्न होता. वसतिगृहाने तो महाविद्यालयाच्या आवारातच सोडवला. जाता जाता नावांविषयी सांगितले पाहिजे. मिलिंद हा भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मिळाले आणि परिसराला, नागसेनवनाला, उत्तर देणाऱ्याचे. विद्यार्थ्यांच्या घडणीविषयी एवढा नेमका विचार नाव ठेवताना क्वचितच झाला असेल.

न्या. पळणिटकर समितीच्या शिफारशीनंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर महाविद्यालये जिल्ह्याच्या आणि पुढे तालुक्याच्या ठिकाणी पोहोचली. घरून ये-जा करून बी.ए. होणे शक्य झाले, आणि मुलींच्या शिक्षणाला त्याचा विशेष उपयोग झाला. विज्ञानाच्या प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ प्राध्यापक मात्र त्याच वेगाने तालुक्यांपर्यंत गेले नाहीत.

१९५९ साली यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने वार्षिक ९०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ केली. ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग, या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी ही सवलत कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरांत पहिला पदवीधर घडवण्यास मोठी कारणीभूत ठरली, यात शंका नाही. तरीही फी हा शिक्षणाच्या खर्चाचा लहानसा भाग असतो. १९७२ च्या दुष्काळात घरातली ज्वारीच संपली तेव्हा फीमाफी असलेल्या मुलाचेही शहरात राहणे अवघड झाले. त्यानंतर दोन वर्षांनी पेटलेल्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी आघाडीवर होते, याचे नवल वाटू नये.

घरून येणाऱ्या या शिदोरीचे रूप पुढेही फारसे बदलले नाही. लातूरच्या बसस्थानकावर खेड्यांतून येणाऱ्या एसटी गाड्यांतून डबे उतरतात : कापडी पिशवीत स्टीलचा डबा, झाकणावर ऑइलपेंटने लिहिलेले नाव, आत भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. सकाळी आई किंवा भाऊ फाट्यावर येऊन डबा गाडीत चढवतो आणि रिकामा डबा मुक्कामी गाडीने गावी परततो. 'लातूर पॅटर्न' म्हटले की सराव परीक्षा आणि गुणवत्ता यादी यांचीच चर्चा होते. माझ्या मते त्या पॅटर्नमध्ये हा डबाही धरायला हवा, कारण मेसचा महिन्याचा खर्च त्याने वाचतो, आणि गावातून रोज कोणीतरी आपली आठवण ठेवते हेही मुलाला त्यातून कळते.

हे दुसरे कारण केवळ भावनेचे नाही. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचा सिद्धान्त मांडताना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली अभ्यासातल्या गतीइतकेच महत्त्व संस्थेतल्या सामाजिक सामावणुकीला दिले. मराठवाड्याने हा धडा फार कठोर रीतीने घेतला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यावर खेड्यापाड्यांत दलितांची घरे जाळली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. हे विद्यापीठ आपले आहे की नाही, हा प्रश्न मनात घेऊन वर्गात बसणाऱ्या मुलांच्या एकाहून अधिक तुकड्या या काळात बाहेर पडल्या. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले.

खोली आणि जेवणाचा खर्च सरकारी हिशेबात ठळकपणे यायला पुढे बराच काळ लागला. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. तिच्यात निवास आणि भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार अशी कागदपत्रे जमवावी लागतात, आणि घरातला पहिलाच शिकणारा असेल तर ती कशी जमवायची हे सांगणारे घरी कोणी नसते. अशा वेळी वरच्या वर्गातला गावचा मुलगा बरोबर जाऊन अर्ज भरून देतो. २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केले. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे या माफीत धरलेले नाहीत.