हिरवा प्रकाश वाया जात नाही

बंद खोलीत कृत्रिम प्रकाशावर भाजी पिकवतात त्या जागेचे फोटो तुम्ही पाहिले असतील. सगळीकडे जांभळट-गुलाबी उजेड आणि त्यात लेट्यूसची पानं चक्क काळपट. पान हिरवं दिसायला हिरवा प्रकाश त्यावर पडून आपल्या डोळ्यांपर्यंत यावा लागतो, आणि या दिव्यांत तो नसतोच. नुसते लाल आणि निळे एलईडी. हरितद्रव्य लाल-निळा प्रकाश शोषतं आणि हिरवा परत पाठवतं, मग हिरव्यावर वीज का जाळायची, असा त्यामागचा हिशेब.

हिशेब चोख वाटतो. पण तो परीक्षानळीतल्या हरितद्रव्याला लागू पडतो, सबंध पानाला नाही.

या समजुतीच्या मुळाशी एक फार देखणा प्रयोग आहे. १८८२च्या सुमारास थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका धाग्यावर प्रकाशाचा वर्णपट पाडला आणि प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू त्या पाण्यात सोडले. जिवाणूंची गर्दी झाली ती लाल आणि निळ्या पट्ट्यांत. हिरव्यात तुरळकच. म्हणजे प्राणवायू कुठे जास्त तयार होतोय, हे जिवाणूंनीच दाखवून दिलं.

शेवाळाचा तो धागा मात्र एका पेशीच्या जाडीचा होता. भाजीच्या पानात पेशींचे थरावर थर असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या. लाल-निळा प्रकाश वरच्या थरांतच संपतो. हिरवा प्रकाशकण तिथून निसटतो, पेशींच्या भिंतींवर आपटत, दिशा बदलत आत भटकतो आणि या भटकंतीत बरेचदा कुठल्या तरी हरितद्रव्याच्या तावडीत सापडतो. लेट्यूसच्या पातळ पानातसुद्धा पडलेला निम्माअधिक हिरवा प्रकाश असा शोषला जातो. जाड पानांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं. प्रखर पांढऱ्या उजेडात तर वरचे थर आधीच तृप्त असतात. त्यात आणखी लाल ओतलं तर त्याची बरीचशी उष्णता होते, हिरवा मात्र खालच्या उपाशी थरांपर्यंत पोचतो. २००९ साली जपानी संशोधकांनी सूर्यफुलाच्या पानांवर हे दाखवलं. २००४ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात एकूण प्रकाश तेवढाच ठेवून लाल-निळ्यात २४ टक्के हिरवा मिसळला, तर लेट्यूसची वाढ सुधारली. हिरव्याचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला की मात्र ती खुंटते.

मग लालवर एवढी भिस्त का? कारण प्रकाशसंश्लेषण ऊर्जा मोजत नाही, प्रकाशकण मोजतं. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या कणात ६६० नॅनोमीटरच्या लाल कणाच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा असते, पण ती जास्तीची ऊर्जा पानात उष्णता होऊन जाते. तेवढ्याच विजेत लाल कण जास्त मिळतात.

तरी नुसत्या लालवर रोप धड वाढत नाही. २०१० साली नेदरलँड्समधल्या काकडीवरच्या प्रयोगात निव्वळ लाल प्रकाशात वाढलेल्या पानांचं प्रकाशसंश्लेषणच बिघडलं. फक्त ७ टक्के निळा मिसळताच ते सावरलं आणि पानांची क्षमता दुपटीवर गेली. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. एवढ्याशा निळ्याने पोट भरणं शक्य नाही. निळा प्रकाश वनस्पतीला मिळणारा निरोप आहे. पर्णरंध्रं उघड, खोड आखूड ठेव, पान जाड कर. हा निरोप वाचणारी वेगळी प्रथिनं तिच्याकडे असतात, क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन.

लालच्या पलीकडच्या, आपल्याला जेमतेम दिसणाऱ्या अतिलाल प्रकाशाचंही तसंच. शेजारच्या झाडाची पानं लाल शोषून घेतात आणि अतिलाल जाऊ देतात, म्हणून अतिलाल वाढला की फायटोक्रोम हे प्रथिन सावलीची वर्दी देतं. रोप उंच होऊ लागतं, लेट्यूसची पानं रुंदावतात. पान रुंदावलं की जास्त प्रकाश पकडतं, त्यामुळे पालेभाजीला थोडा अतिलाल मानवतो. रोपवाटिकेत मात्र त्याने रोपं लुकडी होतात.

घरात चार कुंड्यांवर दिवा लावायचा असेल, तर मी जांभळा घेणार नाही. चांगला पांढरा एलईडी पुरेसा असतो, त्यात थोडी लालची जोड असली तर उत्तम. निळा, हिरवा, लाल सगळे त्यात आलेच. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की डाग पडलाय, हे वेळेत कळत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या ज्या पेटीतलं लाल लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५मध्ये खाल्लं, तिच्यातही लाल-निळ्यासोबत हिरवे दिवे बसवलेले आहेत, ते मुख्यतः रोप रोपासारखं दिसावं म्हणून.