बोलता येईल इतक्याच वेगाने धावा

नव्याने धावायला लागलेली माणसं पहिल्याच आठवड्यात स्वतःबद्दल निकाल देऊन मोकळी होतात: 'आपल्यात दमच नाही.' तीन-चार मिनिटांत ऊर धपापू लागतो, पोटऱ्या भरून येतात, बरगडीखाली कळ येते. मग बूट कपाटात जातात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांचं फक्त वेगाचं गणित चुकलेलं असतं.

पहिली मिनिटं सगळ्यांनाच जड जातात. धावू लागताच स्नायूंची ऊर्जेची मागणी एकदम अनेक पटींनी वाढते, पण प्राणवायूचा पुरवठा त्या पातळीवर आणायला हृदयाला आणि फुप्फुसांना दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायू जवळच्या साठ्यावर आणि प्राणवायूशिवाय ग्लुकोज मोडून निभावून नेतात. हा मार्ग झटपट खरा, पण खर्चिक. ग्लुकोजच्या एका रेणूपासून त्यात एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, जेमतेम २ रेणू मिळतात. प्राणवायू हाताशी असला की ३० च्या आसपास.

वेग कमी असेल तर थोड्या वेळात पुरवठा मागणीला गाठतो आणि श्वास लयीत येतो. वेग जास्त असेल तर स्नायूंत लॅक्टेट, म्हणजे प्राणवायूशिवाय ग्लुकोज मोडल्यावर तयार होणारा पदार्थ, आणि आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन वाढत जातात. रक्तातलं बायकार्बोनेट हे आयन टिपून घेतं आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकण्यासाठी मेंदू श्वासाचा वेग वाढवतो. धाप लागण्यामागे याचा मोठा वाटा आहे. निरोगी माणूस धापा टाकत असतानाही त्याच्या धमन्यांतल्या रक्तात प्राणवायू सहसा भरपूर असतो. थकव्याचं खापर फुटून लॅक्टेटही उगाच बदनाम झालं आहे. हृदय आणि इतर स्नायू ते चक्क इंधन म्हणून जाळतात.

म्हणूनच बोलून पाहण्याची कसोटी इतकी भरवशाची आहे. बोलताना उच्छ्वास लांबवावा लागतो, म्हणजे श्वासांची संख्या घटते. कार्बन डायऑक्साइड बेताचा असेल तर शरीर ते चालवून घेतं. जास्त असेल तर वाक्य अर्ध्यावर तुटतं. सोबत्याला काल जेवायला काय होतं ते सबंध वाक्यांत सांगता आलं, तर वेग बरोबर आहे. एकटे असाल तर पाठ असलेला एखादा अभंग मोठ्याने म्हणून बघा. ओळ पुरी होत नसेल तर वेग कमी करा, अगदी शेजारून चालणारे आजोबा पुढे गेले तरी.

जपानमधल्या फुकुओका विद्यापीठाचे हिरोआकी तनाका तर हसतमुख राहता येईल इतक्याच वेगाने धावा, असं सांगत. नवख्यांसाठी हा वेग चालणाऱ्याइतकाच, तासाला चार-पाच किलोमीटर असू शकतो. अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ साली न्यूझीलंडला तिथले धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले, तेव्हा तिथल्या हौशी धावकांबरोबर धावताना तेच मागे पडले. त्यांच्यासाठी वेग कमी करून सोबतीला थांबलेला माणूस सत्तरी ओलांडलेला होता, आणि हृदयविकाराचे झटके सोसलेला. बॉवरमन यांनी मायदेशी परतून सामान्य लोकांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले.

संथ धावण्याने स्नायूंच्या आत खरोखर बांधकाम होतं. अमेरिकी संशोधक जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवून दाखवलं की, त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांची, प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. माणसातही मायटोकॉन्ड्रिया वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं. आज वाक्य तोडणारा वेग काही महिन्यांनी गप्पांचा होतो, तो यामुळे.

घड्याळातल्या पेसवर, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेवर, मात्र विसंबू नका. मुंबई किंवा कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड ठेवायला त्वचेकडे जादा रक्त जातं आणि त्याच वेगाला नाडी जास्त धावते. जानेवारीतला पेस मे महिन्यात धरून ठेवायचा हट्ट शरीराला महागात पडतो.

खरी जपायची वेळ दोन-तीन महिन्यांनी येते. श्वास सुधारलेला असतो, वेग वाढवावासा वाटतो, पण हाडं आणि स्नायुबंध मागे असतात. त्यांची जुळणी महिनोन्‌महिने चालते, आणि धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर परत येतो. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं तर बोटाने दाबून बघा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर बहुधा विश्रांतीने उतरतं. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल आणि साधं चालतानाही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा धावणं त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.