परिविक्षा आणि ‘मुक्तता’

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे कैद्यांना बिनभिंतीच्या वसाहतीत शेती करत राहू दिलं. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट मोठाच, पण गुन्हेगारावरची देखरेख म्हणजे एका ध्येयवेड्या जेलरची तपश्चर्या, ही समजूतही त्यानेच रुजवली. पडद्यावरचे ते सहा जण शिक्षा भोगणारे कैदी होते. परिविक्षा म्हणजे प्रोबेशन, दोषी ठरलेल्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली बाहेर ठेवणं. तिचं काम तुरुंगाच्या अलीकडचं, न्यायालयात सुरू होणारं. त्यासाठी मुंबई प्रांताने १९३८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९५८ चा.

खरा घोटाळा शब्दांनी केला. ‘परिविक्षाधीन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नोकरीत अजून कायम न झालेला नवा तहसीलदार येतो. बातमीत कधी ‘पॅरोल’ छापतात, पण पॅरोल शिक्षा सुरू असलेल्या कैद्याला मिळतो. सगळ्यात नुकसान करणारा शब्द ‘मुक्तता’. ‘चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मुक्तता’ असा मथळा वाचून गाव म्हणतं, सुटला! सुटलेला नसतो. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेलं असतं, फक्त शिक्षा राखून ठेवलेली असते. त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी, म्हणजे बंधपत्र घेतात, जास्तीत जास्त तीन वर्षांचं. ते मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. ‘मुक्तता’ हा शब्द निर्दोष सुटलेल्यासाठीच ठेवायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अलीकडे गोंधळ वाढलाच आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या अपघातानंतर अल्पवयीन मुलाच्या जामिनाला घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट गाजली. लोकांचा संताप रास्त होता, पण तुरुंगाऐवजी दिलेला प्रत्येक पर्याय त्या निबंधाच्या मापाने मोजला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आली आणि तीही लोकांनी परिविक्षेतच धरली.

कॅमेऱ्याला यातलं फारसं दिसत नाही, कारण परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कायद्यानेच गोपनीय असतो. अधिकारी एसटीने येतो, ओसरीवर बसतो, पोरगं कामावर जातं का, घरात कुणाचं ऐकतं, हे विचारतो. शेजारीण डोकावते, “कोण पावनं आल्यात?” आई म्हणते, “बँकेचं हायती,” आणि चहा ठेवायला आत जाते.